पन्नाशीनंतर नुसतं चालून भागत नाही, पायात ताकद कशी आणायची ते बघा

शुगर बॉर्डरलाइनला आली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात, भात बंद आणि सकाळचं चालणं चालू. चालणं चांगलंच, सोडू नका. पण वय झाल्यावर माणूस अडतो तो जमिनीवरून उठताना, एसटीच्या पायरीवर, नाहीतर बाथरूममध्ये तोल जातो तेव्हा, आणि तिथे मांड्यांची ताकद लागते जी नुसत्या चालण्याने फारशी येत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर अजून पटापट, आणि काट्यावर ते कळतही नाही कारण तेवढीच चरबी पोटावर चढलेली असते. त्यामुळे "माझं वजन वीस वर्षं तेच आहे" याला फारसा अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, तो सगळ्यांना माहितीये. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम पण आहे, ते कोणी सांगत नाही.

जिमची गरज नाही. एक दणकट खुर्ची भिंतीला टेकवा (प्लास्टिकची नको, सरकते), हात छातीवर बांधा, उठा आणि सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, खरी मेहनत बसतानाच होते. आठ-दहा वेळा करा, दम खा, परत करा, असे दोन-तीन राउंड एक दिवसाआड. गुडघे कुरकुरत असतील तर सीटवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, हाताचा आधार घेतला तरी चालेल, पण गुडघा सुजलेला असेल तर आधी फिजिओला दाखवा. सोपं वाटायला लागलं की नातवाच्या जुन्या दप्तरात दोन किलो तांदूळ भरून पाठीला लावा. हातांसाठी भिंतीवरचे पुशअप. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा, मग एका पायावर उभं राहा, वेगळा वेळ काढायलाच नको. हार्टचा त्रास असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल तर मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारून.

आता खाणं. खरा घोळ इथे आहे. स्नायूंना प्रोटीन लागतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम, आणि वय झालेल्यांना बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ सांगतात. आपलं ताट बघा, सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, चारला चहा-खारी, रात्री आमटी-भात, सगळं धरून गाडी पस्तीस-चाळीसच्या आसपास अडकते, आणि सकाळच्या नाश्त्यात तर जवळपास काहीच नसतं.

वेगळं डाएट फूड करत बसू नका, ते आठ दिवस टिकतं. रोजच्याच पदार्थांत बदल करा. पोहे निम्मे आणि त्यात मोड आलेली मटकी, किंवा सरळ मुगाच्या डाळीचं धिरडं. वरण घट्ट. रात्री भात कमी आणि पिठलं नाहीतर उसळ जास्त. अंडी चालत असतील तर दोनात १२ ग्रॅम मिळाले, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, बांगडा खाणाऱ्यांना तर काही सांगायलाच नको. खारीच्या जागी बिनमिठाचे फुटाणे, दात नसतील तर त्याचंच पीठ ताकात कालवून. उपवासाचं म्हणाल तर एकादशी अन् दुप्पट खाशी, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी आणि ताक घ्या. पापड-लोणचं रोज नको, दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत पाहिजे.

हे कोणी परस्पर सुरू करू नये तेही सांगतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम भात-पोळी तोडली तर शुगर खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेताय आणि शाकाहारी आहात तर व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या, ते कमी पडलं तरी पायाला मुंग्या येतात, दरवेळी वयामुळेच असतं असं नाही.

फरक पडतोय का ते काट्यावर बघू नका. मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावा आणि हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता ते मोजा. साठ ते चौसष्टच्या वयात पुरुषांचं १४ च्या खाली आणि बायकांचं १२ च्या खाली आलं तर पाय कमजोर आहेत असं धरतात. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर महिन्याला परत मोजा.