भांडवल बाजाराच्या अभ्यासात तारीख गाळू नका: एम.कॉम.च्या मुलांनी टाळायच्या चुका

भांडवल बाजार आणि वित्तीय संस्था हा पेपर घेणारी मुलं व्याख्या चोख पाठ करतात. प्राथमिक बाजार, दुय्यम बाजार, नाणेबाजार, अंडररायटर, मर्चंट बँकर, सगळं तोंडी परीक्षेत धडाधड येतं. मग परीक्षक विचारतात, "हे कधीपासून?" आणि गाडी तिथेच अडते. या विषयात जवळजवळ प्रत्येक विधानाला तारीख चिकटलेली असते. पदव्युत्तर पातळीवर गुण जातात ते बहुधा ती गाळल्यामुळे.

सुरुवात सीनियरकडून आलेल्या झेरॉक्सपासून करू. त्यात सौदापूर्ती 'टी+२', म्हणजे सौद्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांनी, असते. ती पद्धत १ एप्रिल २००३ पासून होती. पुढे टप्प्याटप्प्याने बदल होत २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर्स टी+१ वर आले. वायदे बाजार आयोग अजूनही स्वतंत्र नियामक म्हणून लिहिलेला सापडतो. तो २८ सप्टेंबर २०१५ रोजी सेबीत, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकात, विलीन झाला. गृहकर्ज संस्थांचं ठळक उदाहरण म्हणून एचडीएफसी लिमिटेड असते. ती १ जुलै २०२३ पासून एचडीएफसी बँकेतच आहे. नोट्स टाकून द्या असं मी म्हणणार नाही, रचना समजायला त्या बऱ्या असतात. पण प्रत्येक नियमासमोर समासात पेन्सिलीने वर्ष लिहा. वर्ष सापडत नसेल तर सेबीचं ताजं मास्टर सर्क्युलर किंवा रिझर्व्ह बँकेचं मास्टर डायरेक्शन उघडा. वाचायला कंटाळवाणं असतं, पण गाइडपेक्षा भरवशाचं.

इतिहासाच्या प्रश्नात गोव्यातल्या मुलांची एक खास गफलत होते. भारतीय बँकिंगचे टप्पे, म्हणजे १९३५ ची रिझर्व्ह बँक आणि १९५५ ची स्टेट बँक, ती गोव्यालाही तसेच लावून मोकळी होतात. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज सत्ता होती आणि बँक म्हणजे बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. लोकांनी तारण ठेवलेलं सोनं तिने लिस्बनला नेलं होतं, ते परत यायला १९९१ उजाडलं. कुठली संस्था कुठल्या कायद्याखाली आणि कधीपासून, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण पुस्तकात शोधू नका.

खाणबंदीवर प्रबंध करताय?

गोव्यात इव्हेंट स्टडी, म्हणजे एखाद्या घटनेचा शेअरच्या भावावर काय परिणाम झाला याचा अभ्यास, म्हटलं की विषय ठरलेला: २०१२ ची खाणबंदी आणि लोहखनिज काढणाऱ्या सेसा गोवाचा शेअर. विषय खरंच चांगला आहे, पण त्यात पाय घसरायच्या जागा फार आहेत.

पहिली जागा शून्य दिवसाची. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला ७ सप्टेंबर २०१२ रोजी, शुक्रवारी. राज्य सरकारने खाणकाम थांबवलं १० सप्टेंबरला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आला ५ ऑक्टोबरला. बरीच मुलं न्यायालयाची तारीख धरतात, कारण ती भारदस्त वाटते. मग ५ ऑक्टोबरभोवती असामान्य परतावा (एरवी अपेक्षित असतो त्याहून वेगळा आलेला) क्षीण दिसला की 'बाजारावर परिणाम झाला नाही' असा निष्कर्ष लिहून टाकतात. खाणी महिनाभर आधीच थांबल्या असतील, तर बातमीचा मोठा भाग किमतीत तोवर शिरलेला असणार. शून्य दिवस म्हणजे ती माहिती बाजाराला पहिल्यांदा कळली तो दिवस. तिन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा आणि तुलना करा. प्रबंधाचा गाभा तिथेच आहे.

त्यातही ५ ऑक्टोबर २०१२ हा दिवस मुळातच विचित्र होता. त्या सकाळी एका ब्रोकरच्या चुकीच्या ऑर्डरींमुळे निफ्टी काही क्षणांत सुमारे १५ टक्के कोसळला आणि व्यवहार काही वेळ थांबवावे लागले. बाजार लगेच सावरला. पण दिवसाचा नीचांक घेऊन गणित करणाऱ्याला जे 'धक्के' दिसतील, त्यांचा गोव्याच्या खाणींशी काडीचा संबंध नाही. बंद भावच घ्या, आणि ही घटना तळटीपेत नोंदवा.

दुसरी जागा अंदाज-काळाची, म्हणजे घटनेआधीच्या ज्या दिवसांवरून शेअरचा नेहमीचा परतावा ठरवतो त्यांची. सप्टेंबर २०१२ च्या आधीचे २०० व्यवहार-दिवस घेतलेत, तर फेब्रुवारी २०१२ मधली सेसा गोवा आणि स्टरलाइट यांच्या विलीनीकरणाची घोषणा नेमकी त्यात येते. बीटा, म्हणजे बाजाराबरोबर शेअर किती हलतो त्याचं माप, तिथेच बदलतो. १२० दिवस घेऊन पाहा, आणि दोन्ही निकाल छापा.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते. डेटा 'वेदांता' या नावाने उतरवायचा आणि २०१० पासून २०१८ पर्यंत एकच कंपनी समजून चालायचं. २०१३ मध्ये ती सेसा स्टरलाइट झाली, २०१५ मध्ये वेदांता. आधीची कंपनी मुख्यतः लोहखनिजाची. नंतरची जस्त, ॲल्युमिनियम, तेल असं सगळं पोटात घेतलेली. म्हणून ७ फेब्रुवारी २०१८ चा, गोव्यातल्या खाणींची लीज रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच मोजपट्टीने मोजता येत नाही. शिवाय त्याच महिन्याच्या १ तारखेला अर्थसंकल्पात शेअर्सच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १० टक्के कर जाहीर झाला होता. बाजार पडला तो कशाने?

आकडे विचित्र आले तर

एका दिवसात शेअर ९० टक्के पडलेला दिसला, तर घाबरू नका, बातमीही शोधू नका. बहुधा दर्शनी मूल्य १० रुपयांवरून १ रुपयावर आलेलं असतं आणि तुम्ही असमायोजित, म्हणजे त्या बदलाचा हिशोब न केलेला, भाव उतरवलेला असतो.

सगळेच जादा परतावे (परताव्यातून जोखीममुक्त दर वजा करून उरलेले) उणे येत असतील, तर तो दर तपासा; तो सहसा सरकारच्या ट्रेझरी बिलाचा घेतात. १०० रुपयांचं ९१ दिवसांचं बिल ९८.४० रुपयांना विकलं गेलं, तर वार्षिक उत्पन्नदर १.६० भागिले ९८.४०, गुणिले ३६५ भागिले ९१, म्हणजे सुमारे ६.५२ टक्के. हा वर्षाचा दर आहे. तो दिवसाच्या परताव्यातून सरळ वजा केला की सर्वनाश. २५० व्यवहार-दिवस धरले तर दिवसाला सुमारे ०.०२६ टक्के.

निफ्टी आणि सोन्याच्या रीग्रेशनमध्ये आर-स्क्वेअर (मेळ किती बसतो ते माप) ०.९ च्या वर आणि डर्बिन-वॉटसन (उरलेल्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का ते सांगणारा आकडा) त्याहूनही कमी? पेढे वाटू नका. दोन्ही मालिका वर चढतात एवढंच त्यातून कळतं. भावांऐवजी परतावे घ्या, आधी युनिट रूट चाचणी (मालिका स्थिर आहे का ते पाहणारी) करा.

बँकांच्या अभ्यासात आजची यादी घेऊन मागे जाणं हाही असाच घोळ. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत १ एप्रिल २०२० रोजी. गोव्यातल्या शाखांवरच्या पाट्या बदलताना आपण पाहिल्यात, तरी एक्सेलमध्ये त्या बँका कधी नव्हत्याच असं धरतो. म्हणजे नमुन्यात उरतात फक्त टिकलेल्या बँका.

बँक, अर्बन बँक, सोसायटी

गोव्यातल्या घरांचा पैसा शेअरपेक्षा मुदतठेवीत जास्त दिसतो, म्हणून हा भाग तरी पक्का हवा. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. उत्तरपत्रिकेत ठेव विम्याची मर्यादा तरीही १ लाख लिहिलेली असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. क्रेडिट सोसायटीला मात्र हा विमा नाही आणि परवाना देणारी रिझर्व्ह बँकही नाही. ती सहकार निबंधकाच्या अखत्यारीत येते. नावात 'अर्बन' असलं म्हणजे बँक होत नाही.

आता विषयनिवडीबद्दल थोडं कडू. 'बार्देश तालुक्यातील गुंतवणूकदारांची म्युच्युअल फंडांविषयी जागरूकता' या धर्तीचे प्रबंध आता पुरे. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर मित्रांना जातो, शंभर उत्तरं येतात, त्यातली निम्मी वर्गातलीच, आणि वय विरुद्ध जागरूकता अशी काय-स्क्वेअर चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते पाहणारी) होते. त्या नमुन्यावरून बार्देशबद्दल काहीच सांगता येत नाही.

त्यापेक्षा घरात कुणी ना कुणी एखाद्या क्रेडिट सोसायटीचं सभासद असतंच. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी वाटला जाणारा अहवाल त्यांच्याकडून मागून घ्या, पाच वर्षांचे मिळाले तर उत्तम. ठेवी, कर्जं, थकबाकी, राखीव निधी आणि गुंतवणूक कुठे ठेवली आहे, एवढे पाच रकाने भरा. ताळेबंदाची तारीख मात्र ३१ मार्च आहे का, ते आधी बघा.