स्पेनची लोकशाही ‘अटळ’ होती असं लिहिताय? या चुका टाळा

स्पेनचा हुकूमशहा फ्रान्को २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला आणि डिसेंबर १९७८ मध्ये संविधानाला कौल मिळाला. मधली तीन वर्षं इतिहासाच्या बहुतेक उत्तरांत दोन ओळींत उरकली जातात आणि घोळ तिथेच होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन प्रश्न एकत्र कालवणं. हुकूमशाही होती तशी टिकली असती का? बहुधा नाही, १९६० च्या दशकात कारखाने वाढले, शहरं वाढली, संपही वाढले. पण तिच्या जागी लोकशाहीच आली असती, हे त्यावरून ठरत नाही. त्याच भरभराटीवर राजवट तगूनही होती, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये तिने पाच जणांना गोळ्या घालून देहदंड दिला.

‘राजाने लोकशाही आणली’ हे वाक्यही तपासा. राजा हुआन कार्लोसला १९६९ मध्ये वारस नेमलं ते फ्रान्कोनेच, आणि फ्रान्कोचाच पंतप्रधान आरियास नावारो जुलै १९७६ पर्यंत पदावर होता. त्याच काळात, मार्चमध्ये, व्हितोरिया शहरात संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. संपांचा हा रेटा वगळलात तर नवा पंतप्रधान सुआरेझ एवढ्या घाईत का होता, ते कळणारच नाही.

१८ नोव्हेंबर १९७६ वर मात्र थांबाच. फ्रान्कोच्या संसदेत एकेकाचं नाव पुकारलं गेलं आणि प्रत्येकाने सर्वांसमोर आपलं मत सांगितलं. निवडून आलेली नवी संसद आणणाऱ्या राजकीय सुधारणा कायद्याच्या बाजूने ४२५, विरोधात ५९, तटस्थ १३. आपल्याच सभागृहाचा शेवट त्यांनी मान्य केला. सुआरेझ त्यांच्यातलाच होता, बदल जुन्या कायद्यांच्या चौकटीतून होत होता, आणि पुढच्या व्यवस्थेत जागा मिळेल अशी अनेकांना आशा होती. यातलं काहीही आपोआप घडणारं नव्हतं.

गोष्ट १९७८ ला संपवू नका. २३ फेब्रुवारी १९८१ ला पुन्हा नावं पुकारली जात होती, नव्या पंतप्रधानाच्या निवडीसाठी. तेवढ्यात बंडखोर लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन सुमारे दोनशे सिव्हिल गार्डसह (निमलष्करी पोलिसांसह) सभागृहात घुसला. व्हॅलेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. बंडाविरुद्ध राजाचं भाषण दूरदर्शनवर आलं ते रात्री एकनंतर. आणखी काही सेनापती बंडाच्या बाजूला गेले असते, तर?

मसुदा दुरुस्त करताना प्रत्येक तारखेपुढे तीन गोष्टी लिहा: सत्ता कुणाकडे होती, त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, तो त्याने का सोडला. दुसरा मार्ग खरोखर खुला दिसला, तर ‘अटळ’ खोडा. उलट टोकही नको. १९७३ मध्ये पंतप्रधान करेरो ब्लांकोचा ‘एता’ या सशस्त्र बास्क फुटीरतावादी संघटनेच्या स्फोटात मृत्यू झाला, तो जगता तर लोकशाही आलीच नसती, हेही सिद्ध होत नाही. तिथे ‘अवघड झाली असती’ एवढंच लिहा.