परदेशात राहणाऱ्यांनी लिव्हिंग विल कसे करावे

परदेशात स्थायिक झालेली पुष्कळ मराठी माणसे मालमत्तेचे मृत्युपत्र वेळेवर करतात. पुण्यातील फ्लॅट कोणाकडे जावा आणि न्यू जर्सीतील घराचे काय करावे, याचा विचार वकिलासमोर बसून झालेला असतो. स्वतःच्या शरीराविषयीचा कागद मात्र राहून जातो. बरे होण्याची आशा संपली आहे आणि स्वतःला बोलता येत नाही, अशा वेळी कोणते उपचार करावेत, कोणते थांबवावेत आणि डॉक्टरांनी कोणाला विचारावे, हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला दस्तऐवज म्हणजे लिव्हिंग विल. ज्यांचे येणे-जाणे दोन देशांत असते त्यांना एका कागदावर भागत नाही. रुग्णाचा पासपोर्ट कोणताही असो, तो ज्या रुग्णालयात दाखल असतो तेथील कायदा त्याला लागू होतो. म्हणून आजारी पडून दाखल होण्याची वाजवी शक्यता ज्या ज्या देशांत आहे, त्या प्रत्येक देशासाठी तेथील रीतीने स्वतंत्र कागद करावा आणि सगळ्यांतील आशय एकच ठेवावा.

पहिली पायरी: काय नको आणि कोणत्या स्थितीत नको, हे ठरवा

“मला उगाच नळ्या लावून ठेवू नका” हे वाक्य घरात बोलायला पुरते, आयसीयूत पुरत नाही. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये असाच एक कागद तपासताना सांगितले की, ‘आयुष्य लांबवणारे उपाय नकोत’ एवढेच लिहिणे बंधनकारक ठरण्याइतके नेमके नाही. उपचारांची नावे किंवा आजाराची स्थिती त्यात यायला हवी. भारतातही संदिग्ध मजकुराचा कागद अमलात आणला जात नाही. तेव्हा आपल्या फॅमिली डॉक्टरांबरोबर बसून एकेका उपचाराचा विचार करावा: हृदय बंद पडल्यावर सीपीआर, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीवाटे अन्न, पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गावरील अँटिबायोटिक्स. मजकूर साधारण असा असावा:

“माझा आजार असाध्य असून शुद्धीवर येऊन माणसे ओळखण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही, असे तज्ज्ञ डॉक्टरांचे मत झाल्यास मला व्हेंटिलेटर लावू नये, आधीच लावला असल्यास काढावा आणि डायलिसिस करू नये. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारी औषधे मात्र शेवटपर्यंत द्यावीत. त्यामुळे गुंगी आली तरी माझी हरकत नाही.”

यातील शेवटचे वाक्य गाळू नये. उपचार थांबवणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे, ही नातेवाइकांची भीती त्याच वाक्याने कमी होते. अवयवदानाची इच्छा असेल, तर तेवढ्यापुरता अपवादही लिहावा, कारण मेंदूमृत्यूनंतर अवयव काढून घेईपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवावाच लागतो. अंत्यविधी कोठे व्हावेत, अस्थी कोठे न्याव्यात, या गोष्टी वेगळ्या कागदावर असलेल्या बऱ्या.

औषध देऊन मृत्यू घडवून आणणे हा विषय सर्वस्वी निराळा आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९९७ पासून आणि कॅनडात २०१६ पासून काही अटींवर वैद्यकीय साहाय्याने मृत्यू स्वीकारण्याची मुभा आहे. भारतात ते बेकायदा आहे. तशी मागणी लिव्हिंग विलमध्ये घातल्यास भारतात बाकीचा मजकूरही वादात सापडू शकतो.

दुसरी पायरी: निर्णय घेणारी व्यक्ती निवडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. आजार कागदात लिहिल्याबरहुकूम येत नाही, आणि रात्री अडीच वाजता डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर माणसालाच द्यावे लागते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेच खाटेवर होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सोडवावा लागला, आणि न्यायालयाने तो अधिकार, त्यांना अन्न देणे थांबवावे अशी याचिका करणाऱ्या लेखिकेऐवजी, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

दूर राहणाऱ्या अपत्याची अडचण वेगळी असते. अमेरिकेतील डॉक्टरांमध्ये ‘कॅलिफोर्नियाच्या मुलीची’ गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९१ मध्ये ती एका वैद्यकीय नियतकालिकातही आली. जवळच्यांनी डॉक्टरांशी बोलून शांतपणे ठरवलेले असते, आणि लांबून विमानाने आलेले अपत्य “सगळे उपचार करा” म्हणून सारे उलटवते. त्यामागे प्रेम असते आणि इतकी वर्षे जवळ नव्हतो याची टोचणीही असते. आपल्या घराघरांतून ही ‘मुलगी’ कधी सिॲटलहून येते, तर कधी मेलबर्नहून मुलाच्या रूपात.

म्हणून थोरला मुलगा आहे एवढ्यावरून नाव घालू नये. रात्री फोन उचलणारी, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू शकणारी आणि स्वतःचे मत बाजूला ठेवून आपले मत सांगणारी व्यक्ती निवडावी. भारतातील कागदात भारतात राहणारे एक तरी नाव असावे आणि परदेशातील कागदात तेथील. प्रत्येकाला एक पर्यायही असावा. ज्यांची नावे घातली नाहीत त्यांना ते आपल्याच तोंडून कळवावे. सगळ्या भावंडांना एका व्हिडिओ कॉलवर बसवून मजकूर वाचून दाखवला, तर पुढचे निम्मे तंटे टळतात.

तिसरी पायरी: भारतातील कागद

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर लिव्हिंग विलला मान्यता दिली. त्या वेळी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असल्याने ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने रीत सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या व्यक्तीने स्वेच्छेने लेखी दस्तऐवज करून त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि तो नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. साक्षीदार शक्यतो नात्यातले किंवा हितसंबंध असलेले नसावेत. सोसायटीतील शेजारी चालतात. परिणामांची आपल्याला जाणीव आहे आणि हा कागद आपण केव्हाही रद्द करू शकतो, हे त्यात लिहावे. आपल्या वतीने निर्णय घेणारे पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक म्हणून एकाहून अधिक नावे देता येतात.

प्रत नामनिर्देशित व्यक्तींना, फॅमिली डॉक्टरांना आणि महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने हे कागद जपण्यासाठी नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याला द्यावी. मुंबईत हे काम महापालिकेने विभाग कार्यालयांतील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिले आहे. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल करून सुरुवात केली. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने हा प्रकार पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही, म्हणून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यांना नोटरीची कामे करण्याचा अधिकार असला, तरी भारतभेटीत एक सकाळ राखून ठेवणे अधिक सोपे पडते.

अंमलबजावणीच्या वेळी रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि नंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेल्या डॉक्टरांसह दुय्यम मंडळ मत देते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत द्यावे अशी अपेक्षा आहे. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयात जाता येते. ही मुदत माहीत असलेला नातेवाईक रुग्णालयात ठामपणे बोलू शकतो.

चौथी पायरी: राहत्या देशातील कागद

अमेरिकेत फॉर्म राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्कमध्ये प्रतिनिधी नेमण्यासाठी दोन साक्षीदार पुरतात, पण तो प्रतिनिधी स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात दोन साक्षीदार किंवा नोटरी चालतो. गंभीर आजार असेल, तर डॉक्टरांच्या सहीचा पोल्स्ट नावाचा फॉर्मही भरावा, कारण रुग्णवाहिकेतील कर्मचारी लिव्हिंग विल वाचत बसत नाहीत. त्यांना वैद्यकीय आदेश लागतो. पुण्यातील बहिणीला फोनवर माहिती मिळावी असे वाटत असेल, तर तिच्या नावाने माहिती देण्याची लेखी परवानगी आधीच देऊन ठेवावी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्यानुसार जीवरक्षक उपचार नाकारायचे असतील, तर कागद लेखी, सही केलेला व साक्षीदारासह असावा आणि ‘जिवाला धोका असला तरी’ हा निर्णय लागू राहील, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असावे. तेथे पतीला किंवा पत्नीला केवळ नात्यामुळे निर्णयाचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी आरोग्यविषयक लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे प्रतिनिधीला निर्णयाचा अधिकार देणारे पत्र, नोंदवावी लागते. ती नंतर केली आणि तिच्यात त्याच उपचारांचा अधिकार प्रतिनिधीला दिला, तर आधीचा नकार निष्प्रभ होतो, म्हणून दोन्हींचा क्रम जपावा. सिंगापूरमध्ये दोन साक्षीदारांपैकी एक डॉक्टर असावा लागतो आणि सरकारी निबंधकाकडे नोंदणी होते.

मुलांकडे सहा महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांनीही त्या राज्याचा फॉर्म भरावा; त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मराठीतील मजकुराला इंग्रजी भाषांतर जोडावे, आणि प्रत्यक्ष बोलणी होताना रुग्णालयाकडे दुभाषा मागावा. स्वतःच्या वडिलांचे व्हेंटिलेटर काढण्याविषयीचे बोलणे मुलीनेच त्यांना भाषांतर करून सांगावे, ही अपेक्षा क्रूर आहे.

पाचवी पायरी: कागदांचा मेळ आणि जागा

एकाहून अधिक वैध कागद असतील, तर सर्वांत शेवटी सही केलेला ग्राह्य धरावा, असे भारतीय न्यायालयाने म्हटले आहे. परदेशातील नव्या कागदात आशय बदलला, तर भारतातील जुना त्यामुळे अडचणीत येतो. म्हणून दोन्हींवर थोड्याच अंतराने सह्या कराव्यात, प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख असावा, आणि ‘यापूर्वीचे सर्व कागद रद्द’ हे वकिलांचे ठरीव वाक्य तपासल्याशिवाय ठेवू नये. बँकेच्या लॉकरमध्ये कागद ठेवू नये. शनिवारी रात्री लॉकर उघडत नाही. स्कॅन केलेली प्रत नामनिर्देशितांच्या फोनमध्ये आणि त्यांची नावे व क्रमांक लिहिलेले कार्ड आपल्या पाकिटात असावे. देश बदलल्यावर, घटस्फोटानंतर, नामनिर्देशित व्यक्ती वारल्यावर किंवा मोठ्या आजाराचे निदान झाल्यावर सगळे कागद एकत्र काढून वाचावेत, आणि बदल केल्यास जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्या प्रत्येकाकडून परत मागवाव्यात.