आई-बाबांना साडेतीन शक्तिपीठांच्या दर्शनाला नेताना

कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे, वणीची सप्तशृंगी हे अर्धे. सगळी एका दमात उरकणाऱ्या सहली निघतात. पण सत्तरी गाठलेल्यांचा त्यात देवळापेक्षा गाडीतच जास्त वेळ जातो. म्हणून आधी नकाशा उघडा. वणी नाशिक जिल्ह्यात, माहूर नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. एकाच फेरीचा हट्ट सोडा. कोल्हापूर-तुळजापूर एकदा, माहूर वेगळे, वणी वेगळी. आणि एका दिवशी एकच देवी.

सुरुवात कोल्हापुरातून करा. देऊळ भर शहरात, सपाटीवर आहे. कोणाला किती चालवते, याचा अंदाज इथेच येतो.

तुळजापूर मात्र फसवते. महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जायचे असते, त्यामुळे जाताना सगळे म्हणतात, ‘यात काय अवघड!’ रांगेत ताटकळल्यावर चढण पुढे येते, तेव्हा गुडघे बोलू लागतात. दम परतीसाठी राखायला सांगा. वणीला गडावरच्या गावापर्यंत गाडी जाते आणि तिथून पुढच्या सुमारे पाचशे पायऱ्यांना २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीचा, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने वर ओढल्या जाणाऱ्या डब्याचा पर्याय आहे. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

तारीख ठरवताना मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. तुळजापूरसाठी पंचांगही बघा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत आणि दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत देवी निद्रेत असते. मूर्ती पलंगावर निजवलेली असते. अभिषेकाचा नवस फेडायचा असेल, तर हे दिवस उपयोगाचे नाहीत. उन्हाळा नकोच. तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय भाजतात, आणि मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर ते कळतही नाही.

तिकिटे काढताना रेल्वेत ज्येष्ठांचा कोटा निवडा: पुरुषांना ६०, स्त्रियांना ४५ वर्षांपासून खालचा बर्थ मागता येतो. पण एका तिकिटावर दोघेच हवेत. सोबत मुलाचे नाव घातले की कोटा गेला. एसटीत पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा.

आता खरी अडचण. ‘दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही,’ असे आई म्हणणारच. साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी रांगेत उभे राहणे म्हणजे भोवळीला आमंत्रण. हा वाद देवळाच्या दारात घालू नका, घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. मुलांचे ऐकत नाहीत, त्यांचे ऐकतात. रक्तदाबाच्या गोळीने लघवी लागते म्हणून बाबा गुपचूप ती चुकवतात, तेही तेव्हाच विचारा. रांगेला लागण्याआधी स्वच्छतागृह गाठा आणि प्रत्येकाच्या खिशात नाव, फोन नंबर, औषधांची चिठ्ठी घाला. हॉटेलची खोली तळमजल्यावरची आणि कमोडवाली आहे ना, हे फोनवरच विचारून घ्या.

माहूरला दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांना झेपणार नाही, त्यांना ओढत नेऊ नका. एकाने त्यांच्याजवळ खाली थांबावे, बाकीच्यांनी दोन पाळ्यांत दर्शन घ्यावे. वरून येताना तांबूल आणायला विसरू नका. रेणुकेचा हा प्रसाद कुटून केलेला असतो, त्यामुळे कवळी काढून ठेवलेल्यांनाही खाता येतो.