मुलाच्या भेटीचा करार मोघम ठेवू नका
घटस्फोटाच्या समझोत्यात ‘मुलाला सोयीनुसार भेटता येईल’ एवढंच लिहून सही केलीत, की पहिल्याच सुट्टीत भांडण उभं राहतं. सोय कोणाची? त्यापेक्षा नीट लिहा: शनिवारी सकाळी १० वाजता न्यायचं, रविवारी संध्याकाळी ६ ला आणून सोडायचं, ने-आण कोण करणार, ताप आला तर बदली दिवस कोणता. लांबच्या सुट्ट्या, वाढदिवस, व्हिडिओ कॉलची वेळ, पासपोर्ट कोणाकडे, हेही. (पासपोर्ट हमखास राहून जातो.) मुलाच्या ताब्याचा, म्हणजे मूल कोणाकडे राहणार याचा कोर्टाचा आदेश दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की अर्ज करून तो बदलून मागता येतो. पोटगी थकली म्हणून भेट मात्र अडवू नका. कोर्टं सहसा या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, आणि अडवणाऱ्याच्याच अंगाशी येतं.