फोटोसहलीचा कार्यक्रम तिथीवरून आखा: रत्नागिरीत गट नेणाऱ्यांसाठी

साधी सहल जेवणाच्या वेळांभोवती आखली तरी पार पडते. फोटोसहल तशी पडत नाही. रत्नागिरीत तर मुळीच नाही, कारण इथे शहराचं अर्धं रूप पाण्यावर अवलंबून आहे. म्हणून तारीख ठरवताना आधी पंचांग उघडा, हॉटेलला फोन नंतर करा.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतं. हा अंदाज आहे, त्यामुळे दिवस ठरला की भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

पौर्णिमा, अमावास्या आणि त्यानंतरची प्रतिपदा हे मांडवीच्या किनाऱ्यासाठी सोन्याचे दिवस. उधाण असल्याने ओहोटीला पाणी लांब जातं आणि तेही संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जानेवारीअखेर साडेसहाला. म्हणजे ओली काळी वाळू आणि मावळतीचा रंग एकाच वेळी हाती लागतात. उगवता चंद्र आणि उजेडातलं शहर एका चौकटीत हवं असेल, तर मात्र चतुर्दशी निवडा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो आणि वर येईपर्यंत शहर काळवंडलेलं असतं.

अष्टमीला उलट. संध्याकाळी सहाला भरती असल्याने मांडवीला वाळू कमीच उरते. त्या दिवशी गट वर न्या, थिबा पॉइंटवर. खाली भाट्याची खाडी भरलेली असते, पूल आणि होड्या नीट दिसतात. अष्टमीला मांडवी आणि पौर्णिमेला थिबा पॉइंट असा कार्यक्रम लावला, तर एकीकडे पाणी, दुसरीकडे चिखल आणि वर कुरबुरी एवढंच मिळतं.

यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. तेव्हा मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात बोटी ओळीने नांगरलेल्या मिळतील, मासळीचा लिलाव मिळणार नाही. शिमगा आणि गणपतीत शहर सर्वांत देखणं असतं, पण खोल्या आणि रेल्वे दोन्ही चाकरमान्यांनी आधीच भरलेल्या असतात. पालखीचे फोटो हवेतच असतील, तर गावातल्या एखाद्या माणसाला सोबत घ्या आणि पालखीच्या वाटेत तिपाई लावू नका.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. बारा जणांची दोन तिकिटं निघतात आणि डबे वेगळे येऊ शकतात, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. उन्हाळ्यातली वेळ गाडीवाल्याला कळवलीत, तर तो स्टेशनवर ताटकळत बसेल. स्टेशन कुवारबावला, शहराबाहेर आहे. कोल्हापूरहून आंबा घाटाने येणाऱ्यांना ओकारीची गोळी घाट लागण्याआधी अर्धा तास द्या. घाटात दिलेल्या गोळीचा उपयोग नसतो.

बारा जणांना सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. पाच रिकाम्या जागा चैन वाटते, पण तिपाया आणि पिशव्या तिथेच जातात. वाडीतल्या गल्ल्यांत गाडी घालू नका, बाहेर उभी करून चालत जा. ड्रायव्हरला जेवणाच्या मोजणीत धरा आणि त्याला रात्री झोपायला खोली द्या. पहाटे सहाला निघायचं असेल, तर त्याची झोप ही तुमची जबाबदारी आहे.

प्रत्येकाचं नाव, घरचा नंबर, औषधं आणि खाणं एका कागदावर लिहून घ्या. खाण्याच्या रकान्यात ‘शाकाहारी की मासे’ एवढं पुरत नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी कोण पाळतं ते विचारा. घरगुती खानावळीला सुरमईच्या तुकड्यांचा आकडा आदल्या संध्याकाळी द्यावा लागतो. ऐन वेळी चार जणांचा गुरुवार निघाला, की चार ताटं वाया जातात आणि वरणभात कमी पडतो. खोल्यांत प्लग दोनच असतात, म्हणून सहा जागांचे चार एक्स्टेन्शन बोर्ड न्या.

डिसेंबरातल्या पौर्णिमेचा दिवस असा चालतो. पावणेसहाला चहा आणि केळी, सव्वासहाला गाडी, साडेसहाला मिरकरवाडा. नऊला परत येऊन घावने. लिलाव नक्की कधी आणि कुठे, हे आदल्या संध्याकाळी जेटीवर विचारून ठेवा. जेटीवर बारा जणांना एकत्र सोडू नका, चार-चारचे तीन गट करा. एका कोळणीभोवती बारा कॅमेरे उभे राहिले, की तिचं गिऱ्हाईक अडतं आणि ती बोलते. ते बोलणं रास्त असतं. भवानी होईपर्यंत कॅमेरा खाली ठेवायचा, मग विचारायचं. फ्लॅश नको. शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नको, कारण टोपल्या आणि हात सतत हलतात. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 ते 3200 करावा लागला तरी चालेल. पायांत पकड असलेली चप्पल हवी, जमीन बर्फाच्या पाण्याने आणि खवल्यांनी निसरडी असते.

दहा ते चार उजेड चपटा असतो, तेव्हा छपराखाली जा. थिबा राजवाडा (1910), टिळकांचं जन्मस्थान आणि 1931 चं पतितपावन मंदिर या वेळेत बसतात. राजवाड्यातल्या संग्रहालयाचा सुटीचा वार आणि तिपाईची परवानगी फोनवर विचारून घ्या. देवळात आत फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. जेवणही याच वेळात उरका. चारला रत्नदुर्ग किल्ला. जांभ्याचा तांबडा रंग कलत्या उन्हात इतका भडकतो की फोटोत लाल भागातले बारकावे उडतात, म्हणून उघडीप (एक्स्पोजर) अर्धा स्टॉप कमी ठेवा. सव्वापाचला मांडवीवर उतरलेच पाहिजे. गडावरून गट हलायला वीस मिनिटं लागतात, तेव्हा ‘चला’ ही हाक पावणेपाचला द्या.

मांडवीला काळी वाळू कॅमेऱ्याला फसवते. चौकटीत काळं जास्त दिसलं, की तो उजेड वाढवतो आणि आभाळ पांढरंफटक पडतं. उघडिपीची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे 0.7 ते उणे 1 ठेवा. ‘पांढरा समुद्र’ म्हणतात त्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर नेमकं उलट, तिथे अधिक 0.7. एकाच दिवशी दोन्ही किनारे करताना हा आकडा बदलायला निम्मे लोक विसरतात, म्हणून गाडीतून उतरताना मोठ्याने आठवण करा.

डोळ्यांना न दिसणारे नुकसान दोन. पहिलं बाष्प: एसी गाडीतून थेट दमट हवेत काढलेली लेन्स धुरकटते. पोचण्याआधी वीस मिनिटं एसी बंद करा आणि तोवर पिशवीची चेन लावलेलीच ठेवा. लेन्स पुसत बसू नका, पुसलं की पुन्हा धरतं. दुसरं खार. संध्याकाळी आधी हवेच्या पंपाने रेती उडवा, मग पिण्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेऱ्याचं अंग पुसा, शेवटी कोरड्याने. थेट कोरडं कापड फिरवलं, तर रेतीचे कण काचेवर ओरखडे काढतात. तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुऊन उघडेच वाळवा.

ड्रोन कार्यक्रमपत्रिकेत छापू नका. इथल्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाचा नकाशा पाहिल्याशिवाय आणि लागेल ती परवानगी हातात असल्याशिवाय पिशवीतूनही काढू नये.

पावसाळ्यात गट नेलात, तर उधाणाच्या दिवशी मिऱ्या किनाऱ्याच्या दगडी बंधाऱ्यावर कुणालाही चढू देऊ नका. लाटा दगडांवरून उसळून पलीकडे येतात. फोटो मागच्या रस्त्यावरून 70–200 मिमी लेन्सने चांगला येतो, आणि मोजणीला माणसं बाराच राहतात.