आधी तिथी, मग देऊळ: हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर एका दिवसात

हरिहरेश्वरला येणारी बरीच कुटुंबं नाश्ता आटोपून निवांत निघतात. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरायला जावं, तर खाली लाटा आपटत असतात. मग वरूनच फोटो काढून परत. प्रदक्षिणेची वाट खालच्या कातळावरून जाते, म्हणून इथला दिवस ओहोटीवर बेतायचा. देवळं, जेवण, वाळूतले खेळ सगळं तिच्यामागून येतं.

वेळ काढायला कालनिर्णय पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. पंचमीला ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा १ पासून. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी किंवा स्थानिक कोळ्यांशी पडताळून घ्या. सकाळच्या प्रदक्षिणेसाठी तृतीया ते पंचमी उत्तम. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, ओहोटी खूप आत जाते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी. दिवेलागणीला मुलांना घेऊन कातळावर जाऊ नये. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसं पुरेसं उतरतही नाही, आणि कातळ ओला राहतो. वद्य चतुर्थी टाळलेली बरी: संकष्टीला दिवेआगरच्या गणपतीपुढे रांग लागते आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं.

मुलं लहान असतील तर पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा मार्गे हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात जातं आणि घाटात पोरं ओकतात. आदल्या रात्री हरिहरेश्वर किंवा श्रीवर्धनला मुक्काम करा.

पंचमी धरून चालू. साडेसातला देवळात. रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. सकाळी गर्दी नसते, तासाभरात होतं. साडेआठला पायऱ्या चढून टेकडीच्या खिंडीतून समुद्राकडे उतरायचं. ओहोटीच्या दीड तास आधी निघून ओहोटीच्या वेळेला बाहेर पडायचं, हा नियम मोडू नका. ओहोटी पूर्ण झाली की लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. पाणी सारख्या वेगाने चढत नाही: एकूण चढाचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात जेमतेम एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. तासभर काहीच हललेलं दिसत नाही आणि मग परतीची वाट पाण्याखाली जाते. इथे माणसं वाहून गेली आहेत. पावसाळ्यात हा मार्ग विसरा.

पायात पकड असलेले रबरी तळव्याचे बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात आणि अनवाणी गेलं तर कातळाला चिकटलेली कालवं तळवे कापतात. कडेवरचं मूल घेऊन उतरू नका, दोन्ही हात मोकळे लागतात. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. मुलांना त्यात बोटं घालू द्या. खळग्यांत साठलेल्या पाण्याजवळ मिनिटभर सावली न पाडता बसलं की खेकडे आणि गोगलगायी बाहेर येतात. दगड उचललाच तर होता तसाच परत ठेवा. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हात लावू नका, त्याचा डंख विषारी असतो.

श्रीवर्धन तिथून वीसेक किलोमीटर. गाव बाळाजी विश्वनाथांचं. पेशवे स्मारक आणि लक्ष्मीनारायण मंदिर तासात होतात. मुलांना रस असतो तो पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या वाडीत. मालकाला विचारून आत जा. झावळी गळून पडते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखा रुंद भाग असतो, ती विरी. वाळलेल्या विरीवर मुलाला बसवायचं, झावळीचा दांडा त्याच्या हातात द्यायचा आणि शेंड्याकडून ओढायचं. आदली रात्रभर भिजवलेली विरी मिळाली तर तिचे द्रोणही वळता येतात. कोरडी वाकवली की चिरते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे छोट्या रोपांमधून धावू नका.

जेवण घरगुती खानावळीत, पण ताटं आणि मोदक सकाळीच फोनवर मोजून सांगा. ऐन वेळी उकडीचे मोदक मिळत नाहीत.

पेट्रोल श्रीवर्धनलाच भरा आणि शेखाडीच्या किनारी रस्त्याने दिवेआगर गाठा. अंतर थोडं, वळणं फार, तास धरा. सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ मध्ये बागेत खणताना सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये नव्याने बसवला गेला. जवळचं रूपनारायण मंदिर लोक चुकवतात. दशावतार कोरलेली ती विष्णुमूर्ती बघाच.

पाचला किनाऱ्यावर. भरती चारला होऊन गेलेली, पाणी मागे सरतंय. लाट जिथवर पोचते तिथे काठी रोवा, दर पंधरा मिनिटांनी पुढची, आणि मधलं अंतर मुलांना पावलांनी मोजू द्या. पहिल्या दोन काठ्या जवळ पडतात, नंतरच्या लांब. सकाळचा हिशेब इथे डोळ्यांनी दिसतो. किल्ल्यासाठी पाणी नुकतंच सोडून गेलेली वाळू घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. बुरूज ढासळतो तो बहुधा वाळू बादलीत न ठोकता भरल्यामुळे. सरत्या पाण्याची ओढ आत असते, त्यामुळे भिजायचं ते गुडघ्यापर्यंतच. गाडीत गोड्या पाण्याचा एक कॅन ठेवा, नाहीतर निम्मं दिवेआगर सीटवर घरी येतं.